नवी वेबसाइट गूगलवर सापडतच नाहीये, नाव टाकून शोधलं तरी

सुईदोरा

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचते, धागा पहिल्यांदाच काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा.

शिलाई मशीन दुरुस्तीचं काम आहे आमचं, मी आणि धाकटा भाऊ. घरी जाऊन मशीन बघतो, सुटे भागही देतो. आजवर सगळं काम ओळखीतून आलं, एकीनं दुसरीला सांगितलं असं. म्हटलं आता वेबसाइट करू. ओळखीतल्याच एकाकडून करून घेतली, दिसायला छान आहे, मोबाइलवर पण नीट उघडते. तीन महिने होऊन गेले. पण गूगलवर "शिलाई मशीन दुरुस्ती" टाकलं की पहिल्या पानाचं सोडाच, पार शेवटच्या पानापर्यंत जाऊन आले, नाही. मग म्हटलं निदान आमचं नाव तरी, ते जसंच्या तसं टाकलं, तरी नाही! पूर्ण पत्ता टाइप केला की साइट उघडते, म्हणजे ती आहे, फक्त गूगलच्या गावी नाही.

ज्यानं केली त्याला विचारलं तर म्हणतो ताई एसईओ, म्हणजे गूगलवर साइट वर आणायचं काम, वेगळं असतं, त्याचं दरमहा पॅकेज घ्यावं लागेल. दुकानाला पाटी लावायचे पैसे द्यायचे आणि ती पाटी लोकांना दिसावी म्हणून परत वेगळे द्यायचे, असं असतं का खरंच? की मला उल्लू बनवतोय?

टाचणी

पॅकेजचं नंतर बघू भाऊ, आधी एक करा. गूगलच्या खोक्यात "साइट" हा शब्द इंग्रजीत, त्याला चिकटून कोलन, आणि त्याला चिकटून तुमच्या साइटचा पत्ता, मध्ये स्पेस द्यायची नाही. एंटर मारा आणि काय येतं ते इथे सांगा. तुमच्या साइटची जी पानं गूगलनं साठवली आहेत ती साधारण दिसतात त्यात. सगळी दिसतातच असं नाही पण शून्य आलं तर शून्याचा अर्थ कळतो.

आणि दुसरं, सर्च कन्सोलमध्ये साइट जोडली आहे का? फुकट असतं ते, गूगलचंच, आपली साइट गूगलला कशी दिसते ते दाखवणारं. जोडली असेल तर कोणाच्या अकाउंटवर?

तीन महिन्यांत स्वतःच्या नावानं पण येत नसेल तर मला हा रँकिंगचा प्रश्न वाटतच नाही. रँकिंग म्हणजे रांगेत कितवा नंबर. तुमचं अजून रांगेत नावच लागलेलं नाही.

गप्पिष्ट

शिलाई मशीनवाल्यांनी धागा काढला, आता टीप कोण घालतंय बघू. (हलकेच घ्या.)

विषय कामाचा आहे, मी पण बसतो इथे सतरंजी टाकून.

सुईदोरा

भाऊ नाही हो, ताई. भाऊ माझा आहे, तो मशीन उघडतो, मी टायमिंग लावते, म्हणजे सुई आणि खालचं शटल ह्यांच्या हालचालींचा मेळ :)

केलं. "काहीही जुळलं नाही" असं आलं. शून्य. सर्च कन्सोल म्हणजे काय ते आत्ता शोधून वाचलं, कोणी जोडलेलं नाही.

रात्रपाळी

माफी ताई, टाचणीच्या वतीनं मीच मागतो, तो झोपला असेल.

शून्य आलं तर माझा पहिला संशय नेहमी एकाच ठिकाणी जातो. साइट बनत असताना अर्धवट पानं गूगलमध्ये जाऊ नयेत म्हणून बनवणारे लोक दार लावून ठेवतात, ते बरोबरच आहे, पण साइट चालू केली की दार उघडायचं विसरतात. मी स्वतः विसरलोय एकदा, गिऱ्हाइकानं दोन महिन्यांनी विचारलं तेव्हा ट्यूब पेटली, त्यामुळे हसत नाहीये.

कंप्युटरवर (मोबाइलवर नको, कटकट होते) तुमचं मुख्य पान उघडा, रिकाम्या जागेवर राइट क्लिक, "व्ह्यू पेज सोर्स". कोडचा ढीग दिसेल, घाबरू नका. कंट्रोल एफ दाबून इंग्रजीत "नोइंडेक्स" शोधा. "मेटा नेम रोबोट्स" अशी ओळ असेल आणि तिच्यात हा शब्द सापडला तर गुन्हेगार सापडला, कारण त्या ओळीचा अर्थच "हे पान यादीत घेऊ नका". गूगल आज्ञाधारक आहे, नको म्हटलं की घेत नाही.

साइट वर्डप्रेसची (साइट बनवायचं तयार सॉफ्टवेअर) असेल तर हे एका टिकमार्कचं काम असतं. सेटिंग्जमध्ये रीडिंग, त्यात खाली "सर्च इंजिन व्हिजिबिलिटी", तिथे "डिस्करेज सर्च इंजिन्स" वगैरे लिहिलेलं खोकं. ते टिक केलेलं असलं की संपलं.

त्याशिवाय अजून एक दार असतं, पत्त्यापुढे तिरकी रेघ देऊन रोबोट्स डॉट टीएक्सटी टाइप करून बघा. त्यात "डिसअलाऊ" आणि पुढे नुसती एक तिरकी रेघ असेल तर क्रॉलरला, म्हणजे पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामला, अख्ख्या साइटवर बंदी आहे. ही दोन दारं वेगळी आहेत आणि इथे भलेभले गोंधळतात. रोबोट्सवालं सांगतं "आत येऊन वाचू नका", नोइंडेक्स सांगतं "वाचा पण यादीत घालू नका". दोन्ही एकदम लावली तर गूगल आत येतच नाही, मग आत लिहिलेलं नोइंडेक्स त्याला दिसणार कुठून? अशी पानं कधीकधी बाहेरच्या लिंकमुळे नुसत्या पत्त्यानिशी यादीत लटकत राहतात, वर्णन काही नाही.

अवांतर: ही रोबोट्सची फाइल म्हणजे १९९४ साली मार्टाइन कोस्टर यांनी सुचवलेली गोष्ट, आणि ती अधिकृत मानक झाली थेट २०२२ मध्ये, आरएफसी ९३०९ (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेले दस्तऐवज). अठ्ठावीस वर्षं सगळं इंटरनेट तोंडी करारावर चाललं. मला फार आवडतं हे.

सुईदोरा

रात्रपाळी, सापडलं!!!

तुम्ही म्हणालात तसंच, वर्डप्रेसच आहे, त्या खोक्यात टिक होतं. मी त्याच्याकडून पासवर्ड घेतला (तो पण चार वेळा मागून), आत गेले, आणि बघते तर निवांत टिक करून ठेवलेलं. तीन महिने! टिक काढलं, सेव्ह केलं, परत सोर्स बघितला, नोइंडेक्स गेलं. रोबोट्सची फाइल बघितली, त्यात नुसतं अॅडमिनचं फोल्डर बंद आहे, ते ठीक ना?

राग आलाय पण कोणावर काढायचा ते कळत नाहीये. ज्याच्या एका टिकमुळे अडलं होतं तोच मला महिन्याचं पॅकेज विकत होता.

टाचणी

उठलो. ताई, सॉरी.

अॅडमिन फोल्डर बंद हे ठीक, तसंच असतं वर्डप्रेसचं.

त्या माणसाबद्दल इतकंच म्हणेन की मुद्दाम केलं असेल असं नाही, विसरला असेल, पण तीन महिन्यांत एकदाही सोर्स न बघता पॅकेज विकणं हे काही बरोबर नाही. आणि हो, पासवर्डवरून आठवलं, डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, कोणाच्या नावावर आहे ते आजच्या आज बघा. पुष्कळदा बनवणाराच स्वतःच्या अकाउंटवरून घेतो आणि पुढे भांडण झालं की आपलंच नाव आपल्याला मिळत नाही. होस्टिंग (साइट ठेवायची जागा) बदलता येतं, साइट नव्यानं बनवता येते, पण डोमेन दुसऱ्याचं असलं तर तुम्ही भाडेकरू.

आता पुढचं. सर्च कन्सोलला जा, साइट जोडा. "डोमेन" प्रकारानं जोडा, म्हणजे पत्त्याची सगळी रूपं एकदम येतात. त्यासाठी एक टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराची एक ओळ, देतात, ती डोमेन जिथून घेतलं तिथल्या डीएनएसमध्ये (डोमेनच्या सेटिंग्जमध्ये) चिकटवायची. मग डावीकडे "साइटमॅप्स"मध्ये साइटमॅपचा, म्हणजे साइटच्या पानांच्या यादीचा, पत्ता द्या. वर्डप्रेस ५.५ पासून साइटमॅप आपोआप बनतो, वेगळं काही करायला नको. एका फाइलीत ५०,००० पत्त्यांपर्यंत चालतं, तुमची पानं किती, सात? तर मग काळजीच नाही.

नंतर वरच्या पट्टीत मुख्य पानाचा पत्ता टाकून तपासा आणि "रिक्वेस्ट इंडेक्सिंग" दाबा. एकदा. रोज दाबून काही वेगळं होत नाही, दिवसाला ठरावीक मर्यादा असते आणि लोक लिफ्टचं बटण दाबावं तसं दाबत बसतात. काही दिवस लागतात, कधी काही आठवडेही.

झटपट

इतका खटाटोप कशाला, हजार बॅकलिंकचं (दुसऱ्या साइट्सवरून आपल्याकडे येणारे दुवे) पॅकेज मिळतं ऑनलाइन, स्वस्तात. मी एका साइटला लावलं होतं, महिन्याभरात पहिल्या पानावर.

रात्रपाळी

@झटपट, आणि मग? पुढची गोष्ट पण सांगा की.

झटपट

मग काय, नंतर गेली खाली, पण ती साइट तशीही बंदच करायची होती.

रात्रपाळी

हेच म्हणायचं होतं.

सुईदोरा ताई, लिंकला महत्त्व आहे हे खरं, गूगलचा जन्मच त्यावर झालाय, १९९८ चं पेजरँक म्हणजे कोणाचा दुवा कोणाकडे जातो त्यावरून वजन ठरवायची युक्ती. पण वजन असतं तिथे तराजूवर अंगठा ठेवणारे येणारच. म्हणून एप्रिल २०१२ मध्ये पेंग्विन नावाचा गूगलचा बदल आला, विकत घेतलेल्या आणि जत्रेतल्या लिंकांवर पोसलेल्या साइट्स रातोरात खाली गेल्या. आता बहुतेक वेळा अशा लिंका गूगल सरळ मोजतच नाही, म्हणजे पैसे पाण्यात. आणि गूगलच्या कोणा माणसानं हातानं तपासून दंड लावला तर तो काढून घ्यायला अर्ज करत बसा.

तुमच्यासारख्या धंद्याला लिंक कुठून मिळते? जिथून सुटे भाग घेता त्यांच्या साइटवर दुरुस्ती करणाऱ्यांची यादी असेल तर तिथे नाव लावून घ्या. शिवणकामाचा क्लास चालवणारं कोणी ओळखीचं असेल तर त्यांच्या पानावर "आमच्या मशीन्स ह्यांच्याकडे जातात" एवढी एक ओळ. ती एक ओळ हजारावर भारी, कारण ती खरी आहे आणि तिच्यावरून माणसंही येतात.

कोपऱ्यातला

माझं वेगळं मत आहे, मांडतो. घरी जाऊन दुरुस्ती करणाऱ्याला वेबसाइट लागतेच कशाला? गूगल बिझनेस प्रोफाइल काढा, नकाशावर या, चार रिव्ह्यू मिळवा, फोन वाजायला लागतो. माझ्या मेहुण्याचं नळकामाचं आहे, साइट नाही, नकाशावरच सगळं चालतं.

टाचणी

@कोपऱ्यातला, पहिल्या निम्म्याशी सहमत. ताई, प्रोफाइल काढाच, फुकट आहे. तुम्ही लोकांच्या घरी जाता तर स्वतःचा पत्ता लपवून नुसता सेवा देता तो परिसर दाखवता येतो. नाव मात्र खरं तेच घाला, "अमुक शिलाई मशीन दुरुस्ती बेस्ट स्वस्त" अशी झालर लावली तर नियमात बसत नाही आणि प्रोफाइल अडकतं. पडताळणीला हल्ली बऱ्याचदा व्हिडिओ मागतात, हत्यारांची पेटी, कामाची जागा वगैरे दाखवावं लागतं. नकाशावरचा नंबर मुख्यतः तीन गोष्टींवर ठरतो, शोधलेल्या गोष्टीशी तुमचं काम किती जुळतं, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आणि तुमचं नाव किती पसरलेलं. अंतरावर तुमचा काही इलाज नाही, बाकी दोनांवर आहे. रिव्ह्यू मागा, जरूर मागा, पण सवलतीच्या बदल्यात नको, ते बंद आहे.

निम्म्याशी असहमत अशासाठी, की त्याच प्रोफाइलमध्ये पूर्वी गूगल एक छोटी फुकट वेबसाइट पण बनवून द्यायचं आणि मार्च २०२४ मध्ये त्या सगळ्या बंद झाल्या. ज्यांनी कार्डावर तो पत्ता छापला होता ते बसले. दुसऱ्याच्या ओट्यावर धंदा मांडायला हरकत नाही, पण आपलं एक दार असावं.

कोपऱ्यातला

मुद्दा मान्य. मेहुण्याला सांगतो. ऐकणार नाही तो.

सुईदोरा (तीन आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय. डोमेन माझ्याच नावावर निघालं, सुटले. सर्च कन्सोल जोडलं, सातातली पाच पानं आली, नाव टाकलं की पहिल्याच ओळीत आम्ही! आईला दाखवलं.

प्रोफाइलची पडताळणी पण झाली, भावानं व्हिडिओ काढला.

पण नावानं शोधणारे कोण, जे आधीच ओळखतात ते. नवीन माणूस "शिलाई मशीन दुरुस्ती" शोधतो तेव्हा अजून कुठेच नाही. इथे मात्र मी काय करायचं ते कळत नाही. साइटचा पत्ता टाचणी आणि टंकदोष यांना व्यनि (खाजगी निरोप) केलाय, त्यांनी मागितला होता.

टंकदोष

बघितली साइट. ताई, खरं सांगू की गोड सांगू? खरंच सांगतो.

पान उघडलं की आधी मोठा फोटो सरकतो, त्यावर लिहिलंय "गुणवत्ता हीच आमची ओळख". दुसरा सरकतो, "ग्राहकांचे समाधान हेच आमचे ध्येय". तिसऱ्यावर हस्तांदोलन करणारे दोन टायवाले. हे वाक्य रंगाच्या दुकानाला चालेल, दवाखान्याला चालेल, ट्रॅव्हल कंपनीला चालेल. अख्ख्या मुख्य पानावर "शिलाई मशीन" हे शब्द मजकूर म्हणून एकदाही नाहीत! एकदा आहेत, पण ते फोटोत रंगवलेत. फोटोतली अक्षरं गूगलला वाचता येत असतील नसतील, त्याच्या भरवशावर बसू नये, अक्षरं अक्षरं म्हणूनच टाका.

ब्राउझरच्या टॅबवर जे नाव येतं, ज्याला टायटल म्हणतात, ते तुमच्या मुख्य पानाचं "होम" आहे. शोधल्यावर निळी ओळ येते ना, ती बहुतेक वेळा तिथूनच उचलतात. आणि सेवांच्या पानावर एकाखाली एक यादी: दुरुस्ती, सर्व्हिसिंग, सुटे भाग, देखभाल करार. संपलं. एवढ्या मजकुरावर गूगलनं तुम्हाला कशासाठी पुढे आणायचं?

आता मला सांगा, लोक फोन करतात तेव्हा पहिलं वाक्य काय बोलतात?

सुईदोरा

टायवाले मला पण आवडले नव्हते.

फोनवर? "ताई मशीन सारखा दोरा तोडतंय." "टाके सुटतायत." "खालून नुसता गुंता होतोय." "चाक जाम झालंय, फिरतच नाही." "बरीच वर्षं पडून आहे, चालू होईल का?" आणि हो, "तुम्ही घरी येता की आणून द्यायचं?" हे तर प्रत्येकजण.

टंकदोष

बघा, दुरुस्ती, सर्व्हिसिंग, देखभाल करार ह्यातला एक तरी शब्द कोणी बोललं का? लोक फोनवर जे बोलतात तेच खोक्यात टाइप करतात. "शिलाई मशीन दुरुस्ती"साठी मोठमोठ्या डिरेक्टरीवाल्या साइट्स वर बसलेल्या असतात, त्यांना हलवायला तुम्हाला वेळ लागेल. पण "मशीन दोरा तोडतंय" ह्यावर नीट, अनुभवाचं, आपल्या भाषेत लिहिलेलं किती जण सापडतील?

एकेका तक्रारीला एकेक पान. शीर्षक त्याच शब्दांत. आत, घरच्या घरी काय बघायचं आणि कुठे थांबून आम्हाला बोलवायचं. फोटो तुमच्या हातांचे, तुमच्या टेबलावरचे. आणि सेवांच्या पानावरून ह्या पानांना लिंक द्या, नाहीतर ती अनाथ राहतात.

रच्याकने (जाता जाता), कोणी "कीवर्ड मेटा टॅग" भरायला सांगितलं तर भरू नका, गूगलनं २००९ मध्येच जाहीर केलंय की क्रमवारीत तो बघत नाही. डिस्क्रिप्शनचा टॅग मात्र लिहा, त्यानं नंबर वर येत नाही पण निळ्या ओळीखाली जे दोन ओळींचं येतं ते कधीकधी तिथून घेतात, वाचून माणूस आत येईल की नाही ते ठरतं.

गप्पिष्ट

सगळं उघड करून सांगितलं तर बोलवतील कशाला? हा माझा प्रामाणिक प्रश्न आहे, खवचटपणा नाही.

सुईदोरा

@गप्पिष्ट, ज्याची सुई बदलून भागणार आहे त्याच्याकडे जाऊन आम्हाला तसंही काही सुटत नाही, जाण्यायेण्यातच दिवस जातो. आणि ज्याचं शटलचं टायमिंग गेलंय त्यानं दहा पानं वाचली तरी तो बोलावणारच. उलट वाचून आलेला माणूस फोनवर नीट सांगतो काय झालंय ते, आम्ही बरोबर पार्ट घेऊन जातो.

टंकदोष

ह्यालाच म्हणतात धंदा करणारी बाई.

नवीन_आयडी_१२

मध्येच विचारतो, लोक मराठी इंग्रजी लिपीत टाइप करतात त्याचं काय? आणि पानाचा पत्ता देवनागरीत ठेवावा का?

रात्रपाळी

देवनागरी मजकूर गूगलला व्यवस्थित कळतो, त्यात शंका नको. इंग्रजी लिपीतल्या मराठीसाठी मुद्दाम वेगळं पान काढू नका, वाचायला विचित्र दिसतं. लोक ज्या गोष्टीला इंग्रजीतच नाव देतात, बॉबिन, टेन्शन, शटल, ते शब्द मजकुरात सहज येतील तिथे येऊ द्या. पत्ता देवनागरीत चालतो, पण कॉपी करून कुठे पेस्ट केला की टक्क्याची चिन्हं आणि आकड्यांची हातभर शेपूट होते, व्हॉट्सअॅपवर पाठवला की लोकांना व्हायरस वाटतो. म्हणून पत्ता छोटा, इंग्रजी अक्षरांत, मजकूर मराठीत.

तसंच पत्ता डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू सकट आणि त्याशिवाय, दोन्हींनी वेगवेगळा उघडत असेल तर एक पक्का करून दुसरा ३०१ नं (म्हणजे कायमचा) त्याच्याकडे वळवा. पान सुरक्षित, म्हणजे एचटीटीपीएसवर हवं, २०१४ पासून तो एक छोटा निकष आहे.

झटपट

स्पीड स्कोअर शंभर करा, नंबर आपोआप येतो.

टाचणी

@झटपट, नाही येत. स्पीड महत्त्वाचा आहे, पण शंभराच्या नादी लागून लोक महिने घालवतात. साधारण बघायचं ते असं, पानातला मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, दाबल्यावर २०० मिलिसेकंदांत काहीतरी हलावं आणि वाचताना मजकूर उड्या मारू नये. हे सांभाळून पुढे चला. ताई, तुमच्या बाबतीत एकच दुखणं आहे, तो सरकणारा फोटो कॅमेऱ्यातून काढला तसाच चढवलाय, चांगला आठ एमबीचा. टायवाल्यांना काढा, तिथे तुमच्या टेबलाचा फोटो छोटा करून टाका, प्रश्न मिटला. आणि मोबाइलवर जे दिसतं तेच गूगल वाचतं असं समजून चाला, आता ते मोबाइलच्याच नजरेनं बघतात.

बिंगला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या सर्चला, पण विसरू नका, त्यांच्या वेबमास्टर टूल्समध्ये सर्च कन्सोलवरून सगळं थेट आणता येतं, पाच मिनिटांचं काम.

आणि जाहिरात दिली की फुकटचा नंबर पण वर येतो असं कोणी म्हटलं तर ते खोटं. तसंच "आम्ही गूगलकडून बोलतोय, पहिल्या नंबरची गॅरंटी" असे फोन आता तुम्हाला येणार, प्रोफाइल झालंय ना. गूगलनं स्वतः लिहून ठेवलंय की पहिल्या नंबरची गॅरंटी कोणीच देऊ शकत नाही. ठेवून द्यायचा फोन.

सुईदोरा

आलाच परवा. मी म्हटलं माझं मशीन दोरा तोडतंय, त्याची गॅरंटी देता का. ठेवला त्यानंच.

सुईदोरा (अडीच महिन्यांनंतर)

मंडळी, हिशोब द्यायला आले.

टायवाले गेले. चार पानं लिहिली: दोरा तुटणे, टाके सुटणे, जाम झालेलं मशीन, आणि बरीच वर्षं पडून असलेलं मशीन. प्रत्येक लिहायला रविवारची दुपार गेली, कारण हातानं करताना जे सोपं ते शब्दात मांडायला जीव जातो. दोरा तुटण्याचंच घ्या, आम्ही नुसती नखावरून सुई फिरवतो, टोक बोथट किंवा वाकलेलं असलं की नखाला लगेच कळतं, पण हे लिहायचं कसं, शेवटी नखावर सुई धरलेला फोटोच काढला. मग सुईच्या नाकात खरखर आहे का, वरचं टेन्शन आवळलंय का, दोरा जुना होऊन सडलाय का, ह्या क्रमानं.

सर्च कन्सोलमध्ये "परफॉर्मन्स" उघडलं की लोकांनी काय शोधल्यावर आम्ही दिसलो ती यादी येते. ती मी आता रोज सकाळी बघते, व्यसन लागलंय. त्यात "मशीन टीप सोडते" असं होतं! मी सगळीकडे "टाके सुटतात" लिहिलं होतं. म्हणजे अर्धे लोक टीप म्हणतात आणि मला कामाच्या गडबडीत ते कधी जाणवलंच नाही. पानात एक परिच्छेद बदलला, टीप आणि टाका दोन्ही आणलं. गेल्या आठवड्यात एका बाईंचा फोन आला, म्हणाल्या तुमचं वाचून सुई बदलली, तरी टीप सोडतंय, म्हणजे टायमिंगच ना? मी म्हटलं हो ताई, टायमिंगच, येते.

"शिलाई मशीन दुरुस्ती"ला अजून तिसऱ्या पानावर आहोत. आणि पडून असलेल्या मशीनचं पान यादीत आलंच नाही, "क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड" असं दाखवतं. परत काही टिक राहिलं का?

टाचणी

टिक नाही राहिलं. ह्याचा अर्थ गूगल येऊन वाचून गेलं, पण यादीत घ्यायचं अजून ठरवलं नाही. दंड नाही तो. व्यनित पाठवलंत ते पान वाचलं मी, ते बाकीच्या तिघांसारखं नाही हो, त्यात तेल घाला, साफ करा एवढंच आहे, कुठेही मिळेल असं. तुम्ही स्वतः एखादं उघडलंत ते दाखवा ना, आत काय निघालं, कोणता भाग गेला होता, किती वेळ लागला. तिसऱ्या पानाचं म्हणाल तर अडीच महिन्यांत तिसरं हे वाईट नाही. गूगलचेच लोक सांगतात की अशा कामाचा फायदा दिसायला चार महिने ते वर्ष धरा.

गप्पिष्ट

अतिअवांतर: ताई, घरातलं मशीन वरून सरळ टीप घालतं आणि खालून पक्ष्याचं घरटं. बॉबिन तीन वेळा काढून बसवली. काय करू?

सुईदोरा

@गप्पिष्ट, बॉबिनला हात लावू नका, खालून घरटं झालं की सगळे बॉबिनच्या मागे लागतात, पण बहुतेक वेळा चूक वरच्या दोऱ्याची असते. दोरा पूर्ण काढा. कापड दाबणारा पाय वर करा, हे महत्त्वाचं, पाय खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्यात बसतच नाही, नुसता वरून जातो. पाय वर ठेवून पहिल्यापासून ओवा, मग पाय खाली करून दोरा हळू ओढून बघा, अडखळला पाहिजे. सहज सुर्रकन आला तर परत ओवा.

गप्पिष्ट

च्यायला, झालं! एवढंच होतं? पाय खाली ठेवूनच ओवत होतो मी.

टाचणी

ताई, हा वरचा प्रतिसाद जसाच्या तसा उचला आणि साइटवर पाचवं पान करा, शीर्षक "मशीन खालून गुंता करतंय". लवकर करा, नाहीतर त्या शोधाला गूगल तुमच्याआधी ह्या संस्थळावरचा हाच धागा दाखवायचं.

सुईदोरा

टाकलं. चकत्यांचा फोटो राहिलाय, आत्ता उजेड नाही, उद्या सकाळी काढते.